माझा काटा आणि धाकटीची कंबर

धाकटीने पहिल्यांदा ब्लाउजला आतून टीप मारली, तेव्हा मी तिच्या समोरच बसले होते. माझ्यापुढे स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा, त्यावर वाटी, वाटीत उकडलेले मूग, आणि मी चमच्याने चार मूग काढत होते, दोन घालत होते. सोनारसुद्धा एवढी कंजुषी करत नसेल. ती ओसरीतल्या शिलाई मशीनवर वाकलेली होती. दोऱ्याचं टोक दातांनी तोडून म्हणाली, "सैल व्हून राह्यलं न ताई. काहून व्हून राह्यलं, काय माईत."

काय माईत! हातातली वाटी तिच्या मशीनवर आपटावी असं मला वाटलं. मी चार महिने घास मोजून खात होते, उजाडायच्या आत बूट घालून यवतमाळ रोडने चालत होते, घाम पुसत परत येत होते, आणि बारीक कोण होत होतं, तर ही. जिला कॅलरी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायचीही गरज पडली नव्हती. माझ्या पोटात दुखलं, आणि ते मुगाने नव्हे.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिराची बायको. आम्ही बोरी अरबला एकाच घरात राहतो, एकाच चुलीवर. दीर शेती बघतो, कापूस, सोयाबीन, तूर. माझ्या नवऱ्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मी जवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत शिकवते. सासूबाई या सगळ्यांच्या वर आहेत, आणि त्यांच्यावर कोणी नाही.

मला वजन उतरवायचं होतं ते सुंदर दिसायला नव्हे. ते वय गेलं. मला पाटावर बसायचं होतं.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, एक थोरली, एक धाकटी. रीत अशी की पूजेला थोरली सून बसते. पाटावर, मांडी घालून, नैवेद्य होऊन आरती संपेपर्यंत, मध्ये उठायचं नाही. धाकटी सून बाजूला उभी राहून फुलं, वाती, हळदकुंकू हातात देते. सासूबाईंच्या सासूबाई बसल्या, मग सासूबाई बसल्या, आणि मी या घरात रुळल्यावर त्यांनी एका वर्षी मला दंडाला धरून त्या पाटावर बसवलं. मी तशी देवभोळी नाही. मुलांना विज्ञान शिकवते, ग्रहणात भाकर खाते. पण त्या पाटावर बसलं, मागे सगळी भावकी उभी, पुढे त्या दोघी शालू नेसून, की मी या घरची आहे असं मला जेवढं वाटतं तेवढं पगाराच्या दिवशीही वाटत नाही.

आणि मग एका भाद्रपदात मला खाली बसताच आलं नाही. गुडघा दुखत होताच, पण खरी अडचण गुडघ्याच्या वर होती. नवऱ्याने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी खुर्चीवर बसून पूजा केली. वाकून फूल वाहताना खुर्चीचा एक पाय फाकला, मी कशीबशी सावरले, आणि मागे भावकीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. सगळे जेवून गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "पुढच्या साली खाली बसता आलं तं बसजो. नाई तं धाकटी बसन. देवीपुढं खुर्ची नाई बरी दिसत."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. म्हणून जास्त लागलं. मागे मोरीवर धाकटी पुरणाचं पातेलं घासत होती. सासूबाईंचं वाक्य संपलं आणि घासायचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

दसरा झाल्यावर मी यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, गुडघा अजून फार झिजलेला नाही, वजन उतरवा, तो तुमचं ऐकायला लागेल. मी शिक्षिका आहे, सांगितलेला अभ्यास करते. फोनमध्ये कॅलरी मोजायचं ॲप घेतलं, वजनकाटे दोन घेतले, एक माझ्यासाठी, एक भाकरीसाठी. पांढरे बूट घेतले. घरातल्या सुनेने बूट घालून सकाळी रस्त्याने चालायचं हे आमच्या गल्लीत नवीनच होतं. सुरुवातीला बायका दारात येऊन बघायच्या. मग त्यांना कंटाळा आला.

घराने मात्र मला मान दिला, हे कबूल केलं पाहिजे. मी चालून आले की सासूबाई म्हणायच्या, "बस बाई, थकली असशीन." मी झाडू घ्यायला गेले की धाकटी हातातून काढून घ्यायची. "तुमी बसा न ताई, तुमचा व्यायाम झाला." मी बसायचे. मला तो माझा हक्क वाटायचा. पूर्वी शाळेच्या फाट्यापर्यंत पायी जाऊन तिथून ऑटो पकडायचे. आता सकाळीच एवढं चालणं व्हायचं, म्हणून स्कूटी घेतली. संध्याकाळी घरी आले की ओसरीतल्या खुर्चीवर बसून दिवसभराचं खाणं फोनमध्ये भरायचे, आणि धाकटी माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा आणून ठेवायची.

पहिले दोन महिने वजन भराभर उतरलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, चेहरा केवढा बारीक झाला तुमचा. मी दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होते. एवढंच असतं तर लोक उगाच रडतात, असं वाटायला लागलं. आणि संक्रांतीच्या आसपास काटा अठ्ठ्याहत्तरवर येऊन बसला. बसला म्हणजे बसलाच. मी रोज उठून त्यावर उभी राहायचे, उतरायचे, काटा भिंतीपासून लांब सरकवायचे, परत उभी राहायचे. बांगड्या काढून पाहिल्या. अठ्ठ्याहत्तर. भात बंद केला. अठ्ठ्याहत्तर. चालणं वाढवलं, पायाला फोड आले, अठ्ठ्याहत्तर.

ब्लाउजची ती टीप नेमकी याच दिवसांतली. तेव्हापासून मला दुसरं काही दिसेना. धाकटी वाकली की तिच्या पाठीचे मणके दिसायचे. पदर खोचला की कंबर दिसायची. ती कंबर तिला लग्नातही नव्हती. दोन मुलांनंतर कोणाला कंबर परत मिळते का? हिला मिळाली. भावकीतल्या बायका आल्या की म्हणायच्या, "धाकटी कशी सडपातळ झाली वं!" आणि मग माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. गप्प कशाला व्हायचं? बोलायचं ना काहीतरी. त्यांच्या गप्प होण्याने माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

नवऱ्याला मी एकदा विचारलं, मी सगळं मोजून खाते, मग वजन का उतरत नाही? तो जेवत होता. बेसनात भाकर चुरत तो म्हणाला, "त्या तेलाले वजन नसते काय?"

इथे तेलाचं सांगायला हवं. आमच्याकडे बेसनावर, म्हणजे पिठल्यावर, खिचडीवर, भरतावर वरून कच्चं तेल लागतं. ते कोणी जेवणात धरत नाही. भाकर जेवण आहे, बेसन जेवण आहे, तेल म्हणजे वाढणाऱ्याचं मन. सासूबाई चोचीचं भांडं घेऊन पंगतीतून फिरतात आणि कोणी हात आडवा केलाच तर बोटांच्या फटीतून धार सोडतात. मी भाकर मोजायचे, बेसन मोजायचे, कांदासुद्धा मोजायचे. सगळं फोनमध्ये भरून झालं की ताट पुढे करायचे, आणि सासूबाई वरून धार सोडायच्या. दोन्ही जेवणांना. मी विज्ञान शिकवते, हे वर सांगितलंच आहे.

नवऱ्याचं बरोबर होतं म्हणून मी त्याच्याशी भांडले. मग तेल बंद केलं. पहिल्या दिवशी ताटावर हात धरला तेव्हा सासूबाईंनी धार सोडायचा प्रयत्न केला, मी ताट मागे ओढलं, तेल चटईवर सांडलं. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि उरलेलं जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. "मले वाढू द्या," धाकटी म्हणाली आणि स्वतःचं ताट पुढे केलं. सासूबाईंनी माझ्या वाटणीचंही तिच्या खिचडीवर ओतलं. ती ते चाटूनपुसून जेवली.

काटा थोडा हलला. मी शाळेत पेढे वाटायच्या बेतात होते. मग तो परत थांबला, फार लांब नाही, अठ्ठ्याहत्तरच्या अंगणातच. आणि धाकटी ते सगळं तेल पिऊन अजून बारीक झाली होती. दुसऱ्या ब्लाउजलाही टीप पडली.

मला संशय यायला लागला. तिचं माहेर केळापूरकडचं. त्या बाजूला, पुढे झरी जामणीकडे, जंगलातल्या मुळ्या-पाल्यांची औषधं जाणणारी माणसं आहेत. हिची आई तिला काहीतरी काढा देत असणार, आणि ही मला सांगत नाही. होळीला ती माहेरी जाऊन आली तेव्हा तिची पिशवी मी तपासली. हो, तपासली. आत चारोळ्या होत्या, तुरीची डाळ होती, आणि तिच्या आईने माझ्यासाठी दिलेली खणाची घडी होती. मी सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि मला जास्तच राग आला.

डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. फोन उघडून त्यांच्यापुढे धरला, पाहा, रोजचं लिहिलं आहे. त्यांनी नीट पाहिलं. मग विचारलं, "सकाळचं चालणं सोडलं तर उरलेला दिवस काय करता?"

"नोकरी करते," मी म्हटलं.

"ती झाल्यावर?"

"ती झाल्यावर थकते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वजन जसं उतरतं तसं शरीराला कमी पुरतं. आधी जेवढ्या खाण्यात तुमचं वजन उतरत होतं, तेवढ्यातच आता तुम्ही जिथल्या तिथे राहता. शिवाय एक तास चाललात की शरीर उरलेल्या दिवसात हात आखडता घेतं. तुम्ही जास्त बसता, कमी उठता, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. काटा फोडून काही होणार नाही. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन ठरवलं की या बाईंना काही कळत नाही. बसते म्हणे! मी या घरातली एकटी व्यायाम करणारी बाई आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. मी ठरवलं, धाकटीवर नजर ठेवायची. ती काय खाते, किती खाते, कधी उपाशी राहते, लपून काय पिते, सगळं बघायचं. पेपर तपासायचं निमित्त करून मी ओसरीत खुर्ची टाकून बसले. तिथून अंगण दिसतं, स्वयंपाकघराचं दार दिसतं, मागचा गोठाही थोडा दिसतो.

ती उजाडताच उठली होती. अंगण झाडलं, सडा टाकला. नळाला पाणी नव्हतं म्हणून बोअरवरून हंडे आणले, वरच्या टाकीत नेऊन ओतले. मग चुलीपुढे खाली बसून भाकरी थापल्या, मध्ये पीठ आणायला उठली, मीठ आणायला उठली, मुलगा ओरडला म्हणून उठली, परत बसली. शिदोरी बांधून वावरात गेली, पायी. येताना पऱ्हाटीची मोळी डोक्यावर होती. वेचणी संपली की कपाशीची वाळकी झाडं उपटतात, तीच आमच्याकडे चुलीला लागतात. मोळी टाकली, हात धुतले, आणि जेवायला बसली.

मी पेपर बाजूला ठेवून नीट पाहिलं. भाकरी माझ्यापेक्षा जास्त. बेसन माझ्यापेक्षा जास्त. वरून तेल. नंतर ताकही प्यायली. ताटात बोट फिरवून चाटलं. मला वाटलं, आता तरी आडवी होईल. तिने ताट उचललं, सगळ्यांची ताटं उचलली आणि मोरीवर गेली.

मी दुसऱ्या दिवशीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला दिसायला लागलं की मी जे बघते आहे ते मला ओळखीचं आहे. अंगण माझं होतं. लग्न झाल्यापासून अंगण मीच झाडत होते, शाळेत जायच्या आधी. वरच्या टाकीचं पाणी माझं होतं. संध्याकाळच्या भाकरी मी थापायचे, खाली बसून. रविवारी वावरात शिदोरी घेऊन मी जायचे, आणि पऱ्हाटीची मोळी, लहान का होईना, मीही आणायचे. फाट्यापर्यंत पायी जायचे. पांढरे बूट आल्यापासून यातलं एकेक काम माझ्या हातून गेलं होतं, आणि गेलं कुठे, तर समोर अंगणात वाकून उभं होतं, पदर खोचून.

आता एखादी शहाणी बाई इथे लाजली असती, किंवा तिला जावेची दया आली असती. मला चोरी झाल्यासारखं वाटलं. ती कंबर माझी होती. मी चालून दमत होते, खुर्चीत बसत होते, आणि माझं उतरायचं वजन ती उतरवून घेत होती. माझ्याच अंगणातून, माझ्याच झाडूने. उरलेले पेपर मी तपासले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बूट घातले नाहीत. ती उठायच्या आत पोचावं म्हणून अंगणात गेले, पण झाडू तिच्या हातात आधीच होता.

"इकडे दे," मी म्हटलं.

"कायले? तुमी फिराले जा न."

"नाही जात. अंगण मी झाडते."

"राहू द्या ताई, गुडघा दुखन तुमचा."

"दुखू दे. अंगण माझं आहे."

ती सरळ उभी राहिली. झाडू तिने दोन्ही हातांनी धरला होता. इतक्या वर्षांत ती माझ्याशी मोठ्याने बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. "अंगण तुमचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी सोडलं, मी धरलं. तवा मले कोनी इचारलं नाई, जमन काय म्हून. पयला महिना पाठ मोडली माही. आता बरं वाटून राह्यलं. पोट्टे झाल्यापासून पयल्यांदा मले माह्या आंगाचं वझं वाटत नाई. अन् आता तुमी म्हनता, वापस दे."

"तुला काय गरज आहे बारीक व्हायची?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अन् तुमाले काय गरज हाये?" ती म्हणाली. "तुमी सकायी बूट घालून निंगता न, तं आई म्हनते, जा बाई, फिरून ये. मले या घरात कोनी म्हनलं काय कधी, जा, फिरून ये? म्हून मी शिदोरी घेऊन वावरात जातो. कोनी म्हनत नाई म्हून."

मी झाडू ओढला. तिने सोडला नाही. आम्ही दोघी, एक मुख्याध्यापिका व्हायच्या वयाची आणि दुसरी दोन लेकरांची आई, अंगणात एका झाडूला धरून उभ्या होतो. सासूबाई दारात आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "घरात दुसरा झाडू नाई काय बाप्पा?"

तशी अंगणाची वाटणी झाली. पुढचं माझं, मागचं तिचं. मागचं मोठं आहे, गोठ्यासकट. ते तिच्याकडे गेलं याचंही मला वाईट वाटलं, हे कोणाला खरं वाटणार नाही.

पुढचे महिने कठीण गेले. खुर्ची मी उचलून माळ्यावर टाकली. भाकरी खाली बसून थापायला लागले. बसायला भिंत धरायचे, उठायला चूल सोडून सगळं धरायचे. गुडघा कुरकुरायचा. भाजी चिरायला खाली, तांदूळ निवडायला खाली. मीठ आणायला मुलांना हाक न मारता स्वतः उठायचे. स्कूटी नवऱ्याला देऊन टाकली. शाळा उघडल्यावर पहिल्या पावसात चिखलातून फाट्याला गेले तेव्हा तांड्यावरची पोरं माझे पाय बघून हसली. फोनमध्ये भरत होतेच, तेलासकट. काटा पहिल्यासारखा भराभर उतरला नाही. रुसलेल्या पाहुण्यासारखा, कधी एक पाऊल, कधी पाऊण. पण अठ्ठ्याहत्तर सुटलं. आषाढात मी एका भाकरीपुरती मांडी घालून बसले. पोळ्याला पूर्ण जेवणभर बसले, आणि बाहेर बैलांची वाजतगाजत मिरवणूक चालली होती तेव्हा माझ्या खोलीत दार लावून मी मांडी घालून बसायचा सराव करत होते.

त्याच दिवसांत स्वयंपाकघरातून आवाज यायचे. सासूबाई धाकटीला पूजा शिकवत होत्या. कधी मुखवट्यांना हळद लावायची, सोळा भाज्यांपैकी कोणती पानात कुठे, आंबील कधी, दिवा कोणत्या हाताने. ती चुकायची, परत म्हणायची. ती कधी चुकते ते मी भिंतीला कान लावून ऐकत होते. ती चुकायची कमी झाली तशी माझी झोप कमी झाली. श्रावणात तिने दिग्रसहून हिरवी काठाची साडी आणली. ब्लाउज नवा शिवला, यावेळी टीप मारायची गरज नव्हती, अंगाबरोबरच शिवला. मला दाखवायला आणला, "बरा दिसते काय ताई?" मी म्हटलं, बरा आहे. खांद्यावर थोडा ओढतो, असंही म्हटलं. तो ओढत नव्हता.

महालक्ष्म्या आल्या. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी मुखवटे आत आणले, थोरली माझ्या हातात, धाकटी तिच्या हातात, हळदकुंकवाच्या पावलांवरून. दुसऱ्या दिवशी पूजेची वेळ झाली. घर भरलं होतं. पुरणाचा, उदबत्तीचा वास होता. दोघी शालू नेसून उभ्या होत्या, पुढे ताट वाढलं होतं, आणि त्यांच्यासमोर पाट मांडलेला. सासूबाई पाटाच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "हं," त्या म्हणाल्या, "कोन..."

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी पुढे झाले. कशाला न धरता खाली गेले. गुडघ्यातून कट् असा आवाज आला, तो मागच्या बायकांनीही ऐकला असेल. मग तो वाकला, दुसरा वाकला, मांडी बसली. मी ताठ बसले. खाली पाट, पुढे देवी, मागे सगळी भावकी, आणि कोणी हसलं नाही. वर्षभराचं मोजणं, उठणं, बसणं, ताटावर आडवा धरलेला तो हात, सगळं त्या एका क्षणात वसूल झालं, असं मला वाटलं. मी जिंकले होते.

मग मी फुलं घ्यायला वर पाहिलं.

धाकटी हातात तबक घेऊन उभी होती. हिरवी साडी, नवा ब्लाउज, केसात अबोली. तिचे ओठ अजून हलत होते, पाठ केलेलं आतल्या आत म्हणून बघत असावी, आणि ते हलता हलता थांबले. तिने माझ्या मांडीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. ती नजर मी लगेच ओळखली. तिच्या ताटाकडे, तिच्या पाठीकडे, तिच्या कमरेकडे मी वर्षभर तीच नजर लावून बसले होते. ती कशी जळते हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

पूजा अजून सुरू झाली नव्हती. उठता आलं असतं. गुडघा आता माझं ऐकत होता.

मी हात पुढे केला आणि म्हटलं, "फुलं दे."

तिने दिली.